मानाचा अबोला

“समुद्र ओरडतो तेव्हा भिऊ नये, पोरी. ओरडणारा मनातलं ओकून मोकळा होतो. तो गप्प बसला, की मात्र होडी वर ओढून घ्यावी.”

मीलिकाच्या वडिलांनी हे म्हटलं तेव्हा ती त्यांच्या मांडीएवढी होती. वडील जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांचा चेहरा आठवायला तिला फोटो बघावा लागे. आवाज मात्र न बोलावता यायचा. एप्रिलातल्या त्या सोमवारी सकाळी सुवा शहराच्या समुद्रकाठच्या भिंतीजवळ ती बसमधून उतरली, आणि तो आला. समोर पाणी तेल ओतल्यासारखं पसरलं होतं. लाट नाही, सुरकुतीसुद्धा नाही. कात्रीसारख्या शेपटीचे काळे समुद्रपक्षी, जे एरवी किनाऱ्याच्या आत फिरकत नाहीत, ते आज बाजाराच्या पत्र्यांवर घिरट्या घालत होते. दालोचे कंद मांडून बसलेल्या बायका मान वर करून त्यांच्याकडे बघत, आणि काही न बोलता पुन्हा कंदांवर पाणी शिंपडत.

मीलिका विद्यापीठात चालली होती. शुक्रवारी पदवीदान होतं, आणि त्या दिवशी घालायचा काळा झगा आज मिळणार होता. तिला नाही, तिच्या मैत्रिणीला.

बी.कॉम.च्या शेवटच्या परीक्षेत मीलिका ऑडिटच्या पेपरात नापास झाली होती. निकाल डिसेंबरातच लागला. शालेशनी सोडली तर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्या आत्याकडे ती राहायची त्या सेरेआनाआत्यालाही नाही, आणि समुद्रापलीकडे नाउवी गावात तर नाहीच नाही. नाउवीत ख्रिसमसपासून शुक्रवारची तयारी चालली होती. महिन्यातून एकदा बेटाला लागणारं जहाज दुरुस्तीसाठी गोदीत पडलं होतं, म्हणून गावाने दोन उघड्या होड्या काढायचं ठरवलं होतं. आई, भाऊ इनोके, लुसियानावहिनी, तिचं तान्हं, गावातले दोन थोरले, चर्चमध्ये गाणाऱ्या बायका, सगळे भर समुद्र ओलांडून येणार होते. मीलिकाचं नाव पुकारलेलं ऐकायला.

झगे वाटायच्या दालनात शालेशनी आरशासमोर हात पसरून उभी होती. लांबासाच्या उसाच्या रानातली मुलगी. जीभही तशीच, गोड आणि धारदार.

“कशी दिसतेय? खरं सांग.”

“वटवाघूळ.”

“पदवीधर वटवाघूळ म्हण,” शालेशनी म्हणाली, आणि हसता हसता तिने आरशातूनच मीलिकाकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, सांगितलंस का घरी? मीलिकाने तिच्या झग्याची दुमडलेली कॉलर नीट केली. ती दुसऱ्यांदाही नीट केली. शालेशनीला उत्तर मिळालं.

या दोघींनी तीन वर्षं एकाच बाकावर काढली होती. अर्थशास्त्राच्या आकृत्या, कंपनी कायद्याची कलमं, विपणनाच्या वर्गात खोबरेल साबणाचा खोटा खोटा धंदा. त्या धंद्यात मीलिकाने दुकान नाउवीत उघडलं होतं आणि शालेशनी पोट धरधरून हसली होती. अगं बये, तुझ्या गावात दुकानदार सगळ्यांचा मामा लागणार आणि मागितलेलं नाही म्हणायची तुमच्यात सोय नाही. संध्याकाळपर्यंत साबण संपेल आणि गल्ल्यात फक्त आशीर्वाद उरतील! मीलिकाही हसली होती. पण ऑडिटच्या पेपरात तिला तेच नडलं. प्रश्न साधा होता. गोदामाचा वयस्क रखवालदार सांगतो की सगळा माल जागेवर आहे. तपासनीस म्हणून तुम्ही पुढे काय कराल? गोदाम उघडून बघायचं, हे तिला पाठ होतं. पण लिहिताना डोळ्यांपुढे एक म्हातारा उभा राहिला, चर्चच्या पायरीवर बसतो तसा, हात मांडीवर ठेवून. वडीलधाऱ्याने आहे म्हटलं, आणि आपण त्याच्या देखत कुलूप उघडायचं? तिने लिहिलं, मी त्यांचे आभार मानेन. पुढचे प्रश्नही तसेच होते आणि तिची उत्तरंही.

निकालानंतर ऑडिटच्या सरांनी तिला बोलावून घेतलं होतं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की आपल्या धंद्यात खोटं बोलणाऱ्याइतकाच, सांगायचं ते न सांगणारा धोक्याचा. तो पेपर ती आता पुन्हा अभ्यासत होती. जूनमध्ये परीक्षा होती. सरांचं ते वाक्य तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढलं होतं आणि ते पान ती कधी उघडत नसे.

तसं सांगायचं तिने ठरवलं होतं. ख्रिसमसला गावी गेली ती सांगायलाच गेली. पण पहिल्याच रविवारी चर्चमध्ये थोरल्यांनी उभं राहून सांगितलं, की नाउवीची पहिली पदवीधर आज आपल्यात बसली आहे. सगळ्या माना वळल्या. मीलिकाने खाली बघितलं. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच मिटलं. गावाला तिची खाली गेलेली मान आवडली. शहरात राहून पोर बिघडली नाही, बघा, म्हणत म्हाताऱ्या डोळे पुसायला लागल्या. आईने त्या रात्री नवी चटई विणायला घेतली, कडेला लाल-पिवळ्या लोकरीची झालर लावायची तशी. मग दर दिवशी सांगणं जड होत गेलं, ओहोटीत सोडलेल्या होडीसारखं. जितका उशीर, तितकी जास्त वाळू.

आणि इनोके. इनोके तिच्याहून चार वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर त्याने शाळा सोडली आणि हवेच्या टाक्या पाठीला बांधून समुद्रकाकड्या, तळावरचे ते महाग विकले जाणारे जीव, काढायला खोल बुड्या मारू लागला, बहिणीची फी निघावी म्हणून. एकदा तो फार खोलातून फार घाईने वर आला, आणि रक्तात हवा धरली. तेव्हापासून त्याचा डावा पाय ओढत चालतो. हे त्याने मीलिकाला कधी सांगितलं नाही. सांगणार तरी कसा? ती न्हाती झाली त्या वर्षी आईने इनोकेची चटई घराच्या दुसऱ्या टोकाला नेली, आणि त्या दिवसापासून भाऊ-बहीण एकमेकांशी थेट बोलले नव्हते. त्यात भांडण नव्हतं, राग नव्हता. सुवात आता कुणी एवढं पाळत नाही, पण नाउवीत पाळतात. बहिणीचा मान भावाने राखायचा आणि भावाचा बहिणीने, आणि तो राखायचा तो अबोल्याने. मासे आणले की इनोके दारातूनच कुत्र्याला सांगायचा, “मासे आणलेत म्हणावं. मोठा आहे तो आतल्या माणसांसाठी आहे.” आतून मीलिका आईला सांगायची, “दादाला म्हणावं, पायाला तेल लाव.” कुत्रं आणि आई, दोघांमधून त्यांची माया बारा वर्षं ये-जा करत होती. बोलावं लागत नसे, म्हणून काही अडतही नसे.

दुपारी ग्रंथालयाच्या मागच्या पायऱ्यांवर बसून मीलिकाने वहिनीला फोन लावला. नाउवीत फोनला रेंज येते ती फक्त किनाऱ्यावरच्या जुन्या फणसाच्या झाडाखाली. त्यामुळे तिथे एकाला फोन आला की दहा जणांना येतो. वहिनी फोन उचलतानाच स्पीकर लावायची, हात पोरात अडकलेले म्हणून.

“बोला वन्सं! आठवण झाली का आमची? का डोक्यावर टोपी बसेना म्हणून फोन केलात?”

मागे बायका हसल्या. मीलिकाने आधी तान्ह्याचं विचारलं, आईच्या गुडघ्यांचं विचारलं, आणि मग धीर करून म्हणाली, की वहिनी, तुम्ही कुणी येऊ नका. एवढा त्रास घेऊ नका. मी काही त्या योग्यतेची नाही.

पलीकडून एकदम टाळ्यांचा आवाज आला, ओंजळ करून मारतात तशा खोल, सावकाश टाळ्या. कुणी थोरल्या माणसाने “विनाका, विनाका” म्हणत आभार मानले. तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं. मान मिळणाऱ्याने आधी नको म्हणायचं असतं. पहिल्या सांगाव्याला तोंड भरून हो म्हणेल तो उथळ. ज्याच्यासाठी गाव निघतं त्याने म्हणावं, मी कोण, माझ्यासाठी एवढं कशाला. आणि गावाने मग दुप्पट जोमाने निघावं. तिने सत्याचं टोक दाखवलं होतं, आणि गावाने ती रीत म्हणून डोक्याला लावली होती.

“आत्ताच थोरले म्हणाले, दुसरं डुक्करही घ्या,” वहिनी सांगत होती. “आणि ऐका, तुमच्यावर गाणं रचलंय आम्ही. नाच बसवलाय. थांबा, म्हणून दाखवते.” आणि फणसाखाली बसलेल्या बायकांनी सूर धरला:

नाउवीची लेक माझी गेली पाण्याच्या पल्याड
काळा झगा पांघरून आली, उघडा कवाड
समुद्रा रे बाजू हो तू, आम्हां जाऊ दे पाहाया
हाक मारतील तिला, सारं गाव ये ऐकाया

सूर सुरेख होता. पण शब्द मीलिकाला खटकले. नाउवीच्या जुन्या गाण्यांत समुद्राला कुणी कधी बाजू हो म्हटलेलं नव्हतं. त्याला आजोबा म्हणायचे, वाट द्या म्हणायचे, हात जोडायचे. आणि जे घडलंच नाही ते घडल्यासारखं गायचं नाही, असं तिची आई पोरींना दटावायची. आज त्या गाण्यात सर्वांत वर चढणारा आवाज आईचाच होता.

मंगळवारी वारा पडलेलाच होता. उकाडा असा की अंगाला कपडा चिकटून सुटेना. राइवांगा वस्तीतल्या आत्याच्या घरामागे गांधिलमाश्यांनी गुडघ्याएवढ्या उंचीवर पोळं केलं होतं, आणि शेजारचा म्हातारा ते बघून खिडक्यांना आडव्या फळ्या ठोकत होता. रेडिओवर सकाळी कमी दाबाचा पट्टा म्हणाले. दुपारी त्या पट्ट्याला वादळाचं नाव मिळालं. संध्याकाळपर्यंत ते नाव भाजीबाजारात लोक असं घ्यायला लागले, जसं एखाद्या तुरुंगातून सुटून येणाऱ्या नातेवाइकाचं घ्यावं. वादळ दूर होतं, वायव्येला. कदाचित वळेल, म्हणत होते. गुरुवारपासून लहान होड्यांनी समुद्रात जाऊ नये, असंही म्हणत होते.

आत्याने घरातलं सगळं सामान एका खोलीत ढकलून उरलेल्या दोन खोल्यांत चटया अंथरल्या होत्या. इथे तुझी आई निजेल, इथे गाणाऱ्या बायका, पुरुषांना शेजाऱ्यांकडे. ती ओठांत टाचण्या धरून मीलिकाचा पोशाख शिवत होती, झाडाची साल कुटून केलेल्या नक्षीदार वस्त्राचा, काळ्या झग्यावरून बांधायला. “हात वर कर,” ती म्हणाली. मीलिकाने हात वर केले. आत्या कमरेचं माप घेत असताना मीलिकाला वाटलं, आत्ता सांगावं, हिच्या तोंडात टाचण्या आहेत, ही ओरडू शकणार नाही. तिने “आत्या” म्हटलंही. आत्याने वर पाहिलं. त्या डोळ्यांत इतकं सुख होतं की मीलिकाने विचारलं, वादळाचं ऐकलंस का.

आत्याने टाचण्या हातावर काढल्या. ऐकलं, म्हणाली. तुझा बाप असता तर त्याने होड्या काढू दिल्या नसत्या. पण इनोकेला कोण सांगणार? बहिणीच्या दिवसाला भाऊ वाऱ्याला भ्याला, असं सात बेटं म्हणतील. “तो तुझ्यासाठी समुद्राच्या तळापर्यंत गेलेला आहे, पोरी. वरून जायला घाबरेल?”

मग आत्याने पुन्हा टाचण्या ओठांत धरल्या.

फणसाखाली दुसरा फोन गेला तो हवामानाचा. मीलिकाने ठरवूनच ठेवलं होतं, की योग्यतेबिग्यतेचं काही बोलायचं नाही; फक्त वाऱ्याचं बोलायचं. वहिनी, रेडिओ ऐका. गुरुवारी वारा सुटणार आहे. आईला होडीत बसवू नका. दादाला सांगा, माझी शपथ आहे. वहिनीचा आवाज पहिल्यांदाच थोडा बारीक झाला. ती म्हणाली, इथेही पाणी फार निवांत आहे, वन्सं, मला बरं वाटत नाहीये. मी सांगते यांना. मीलिकाला तेवढ्याने इतका धीर आला, की ती रात्री भात जेवली आणि झोपलीसुद्धा.

बुधवारी सकाळी आकाश तांब्याच्या भांड्यासारखं झालं होतं. विद्यापीठाने दुपारनंतरचे वर्ग रद्द केले. पदवीदानाबद्दल मात्र गुरुवारी कळवू म्हणाले. कारण पाहुण्यांच्या खुर्च्या मांडून झाल्या होत्या, आणि मांडलेल्या खुर्च्या माणसांना धीर देतात. ऑडिटच्या वर्गात सात-आठ जणच आले होते. सर शिकवत होते आणि खिडकीची काच आपोआप थरथरत होती, वारा नसताना. मीलिका वहीकडे बघत होती. तिला वाटत होतं की निभावलं. वादळ आलं, की कुणी येणार नाही. वादळ गेलं, की पदवीदान पुढे ढकललं म्हणता येईल. जून येईल, पेपर सुटेल, आणि सगळं आपोआप खरं होऊन जाईल. आयुष्यात पहिल्यांदाच ती एखाद्या वादळाची वाट बघत होती. हे लक्षात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

वर्गाबाहेर व्हरांड्यात शालेशनी उभी होती. तिच्या हातात रोटीची पुरचुंडी होती आणि चेहरा उतरलेला होता.

“तुझी आत्या मला बसस्टॉपवर भेटली,” ती म्हणाली. “तुला फोन लागेना म्हणून मला सांगितलंय. तुझ्या गावचे लोक आज निघतायत. आत्ता.”

मीलिकाला कळेना. आज कसे, ती म्हणाली, मी तर सांगितलं होतं, गुरुवारी वारा.

“म्हणूनच. गुरुवारच्या आत पोहोचायला. तुझा दादा म्हणाला म्हणे, तिने वारा कधी सुटणार ते सांगितलं, शिकलेली बहीण आहे, बरोबर सांगितलं. आता दुपारच्या भरतीला निघालो की अंधारापर्यंत सुवा गाठू.” शालेशनीने पुरचुंडी भिंतीच्या कठड्यावर ठेवली. “मीलिका, मी बंदरावर विचारून आले. वादळ वळलंय. इकडे वळलंय. वारा गुरुवारची वाट बघणार नाहीये.”

जे जे थांबवायला म्हणून मीलिका बोलली होती, ते ते गावाला पुढे ढकलत गेलं होतं. नको म्हणाली तेव्हा डुकरं दोन झाली. वारा म्हणाली तेव्हा एक दिवस आधी निघाले. तिने फोन काढला. वहिनीचा नंबर लावला. वाजला. वाजत राहिला. व्हरांड्यासमोरच्या नारळांच्या झावळ्या एकदम एका बाजूला झुकल्या, कुणी केस ओढावेत तशा, आणि पुन्हा सरळ झाल्या.

फोन उचलला गेला, पण वहिनीची ती “बोला वन्सं” आली नाही. पलीकडे पाणी होतं, होडीच्या कडेवर चापट्या मारणारं. माणसांची गडबड होती, डुकराचं किंचाळणं होतं, दूरवर बायकांचं गाणं होतं. आणि अगदी जवळ, फोनला लागून, एक श्वास होता. जड, संथ, पाण्याखाली राहायची सवय असलेल्या माणसाचा. मीलिकाने तो ओळखला. होड्या फणसासमोरच लागलेल्या असणार, आणि वहिनीचा फोन आज वाट दाखवणाऱ्याच्या गळ्यात होता, प्लास्टिकच्या पिशवीत. तो इनोके होता.

नाव त्याने पडद्यावर वाचलं असणार. तो फोन कुणाला तरी देण्यासाठी इकडेतिकडे बघत असणार, हेही तिला दिसलं. तिचा हात आपोआप शालेशनीकडे गेला.

“तू बोल,” ती पुटपुटली. “मला नाही बोलता येत त्याच्याशी. नाही चालत आमच्यात.”

शालेशनीने फोन घेतला आणि घाईने बोलायला लागली. मी मीलिकाची मैत्रीण. तुम्ही निघू नका. वादळ वळलंय, आणि शुक्रवारचंही तसं काही खरं नाही, मीलिकाचा निरोप आहे की कुणीही येऊ नका. तिने हे दोन-तीनदा सांगितलं. मग ती थांबली, ऐकत राहिली, आणि तिचा चेहरा बदलला. तिने फोनवर हात ठेवला.

“हसतोय गं तो. मायेने हसतोय. म्हणतोय, बहिणीला सांगा, तिचं नको म्हणणं पोहोचलं, तिसऱ्यांदा पोहोचलं, रीत पुरी झाली. आता भावाचं ऐक म्हणावं. सगळे बसलेत. आई पुढच्या होडीत बसलीये, चटई मांडीवर घेऊन.” शालेशनीने फोन तिच्यापुढे धरला. “मी सांगून तो ऐकणार नाही. मी कोण त्याची? आणि तुझं नापास झाल्याचं मी सांगितलं ना, तर तेही खोटं वाटेल त्याला. म्हणेल, बहिणीने वारा बघून सुचवलंय.”

पलीकडे दोरी ओढल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन धरलं आणि धडधडायला लागलं.

मीलिका फोनकडे बघत उभी राहिली. तिला कळत होतं, की ती आता बोलली तर पुन्हा कुठलीच रीत जागेवर राहणार नाही. बारा वर्षांचा मान एका वाक्यात फुटेल, आणि ते वाक्यही असं, की ज्याने त्याचा पाय, त्याची शाळा, त्याची सगळी वर्षं मातीला मिळतील. ती होडी ऐकेल. दुसरी होडीही ऐकेल. फणसाखाली मागे राहिलेल्या म्हाताऱ्या ऐकतील, कारण असा फोन स्पीकरवरच असतो. आणि इनोके, ज्याने तिच्याकडे वर मान करून बघणंही मानाला धक्का समजलं, तो ते गुडघाभर पाण्यात उभा राहून ऐकेल.

वारा पुन्हा आला. या वेळी झावळ्या सरळ झाल्या नाहीत.

तिने फोन घेतला.

“दादा,” ती म्हणाली.

इंजिनाचा आवाज चालू होता. तिने पुन्हा, मोठ्याने हाक मारली.

इंजिन बंद झालं. गाणं मध्येच तुटलं. कुणीतरी विचारलं, काय झालं, इनोके, कोण आहे? पाणी होडीवर चापट्या मारत राहिलं. रिवाजाप्रमाणे त्याने फोन स्वतःपासून दूर करायला हवा होता, बायकोकडे द्यायला हवा होता. त्याचा श्वास मात्र तिथेच होता, जवळ, थांबलेला.

“दादा, मीच बोलतेय. फोन कुणाला देऊ नकोस. हे नको म्हणणं रीतीचं नाहीये, पहिलंही नव्हतं.” शालेशनीने तिचा दंड घट्ट धरला. “मी नापास झालेय, दादा. डिसेंबरातच झाले होते, आणि मी तुम्हाला सगळ्यांना फसवलं. शुक्रवारी माझं नाव कुणी पुकारणार नाही. आईला होडीतून उतरव.”